चाल वाचण्याची विद्या

(कृत्रिम अवयव व आधार-उपकरण विभागात आंतरवासितेसाठी आलेल्या विद्यार्थ्यांच्या स्वागतप्रसंगी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आयुष्य जमाखर्चात गेले. तेव्हा जीवयांत्रिकीवर, म्हणजे आपण ज्याला बायोमेकॅनिक्स म्हणता त्यावर, मी बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु ज्या कामासाठी विश्वस्तांपुढे तरतूद मागायची, ते काम प्रशासकाला समजले पाहिजे, अशी माझी धारणा आहे. आमच्या विभागप्रमुखांनी मला ते शांतपणे शिकवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आपल्या वार्षिक अहवालात बसवलेल्या कृत्रिम पायांची संख्या छापली जाते. देणगीदारांना ती वाचून समाधान वाटते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांपैकी किती पाय वर्षभरानंतर चालत आहेत आणि किती घरात खुंटीला टांगलेले आहेत, हे त्या संख्येवरून कळत नाही. पाय का टांगला, असे विचारल्यावर रुग्ण सांगतो की तो टोचतो, गुडघा दगा देतो, किंवा दम इतका लागतो की त्यापेक्षा कुबड्या बऱ्या. ही गाऱ्हाणी साधी वाटतात. त्यांची उत्तरे मात्र दाब, बल आणि तरफ यांच्या हिशेबात असतात.

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचे एक चक्र पूर्ण होते. त्यातील सुमारे 60 टक्के काळ तो पाय जमिनीवर व 40 टक्के काळ हवेत असतो. जमिनीवर असताना आपण जमिनीला दाबतो, तशी जमीनही आपल्याला उलट रेटते. हा रेटा गुडघ्याच्या मागून गेला तर गुडघा वाकू पाहतो आणि पुढून गेला तर ताठ होतो. माझ्यासारख्या सामान्य माणसाला या एका वाक्याने पुष्कळ गोष्टी उलगडल्या.

लहानपणी पोलिओ झालेली माणसे मांडीवर हात टेकून चालताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. 2014 साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला, तरी ती पिढी आता उतारवयात आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतच आहे. मांडीचा स्नायू दुबळा असल्याने वाकू पाहणारा गुडघा ते हाताने मागे रेटून सावरतात. कोणी न शिकवता त्यांनी साधलेले हे यंत्रशास्त्रच होय. विद्यार्थ्याला ते वाचता आले नाही, तर तो सरसकट मांडीपर्यंतचे जड कॅलिपर लिहून मोकळा होईल. वाचता आले, तर निवडक रुग्णांमध्ये घोट्याचा कोन नेमका ठरवलेले, गुडघ्याखालचे हलके उपकरणही जमिनीच्या रेट्याचाच उपयोग करून गुडघा सावरू शकते, हे त्याच्या ध्यानात येईल.

दुसरे उदाहरण आपल्या उंबरठ्यावरचे आहे. टाचेच्या बुटाच्या उंचीवर जुळवलेला कृत्रिम पाय घरात शिरताना बूट काढला की मागे कलतो, गुडघा ताठ रेटला जातो आणि सपाट फरशीवर चढ चढल्यासारखे वाटते. परदेशी पुस्तकातील माणूस बूट घालूनच घरात वावरतो. आपला रुग्ण अनवाणी वावरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी जो पाय घडवला, त्याचे मोठेपण केवळ त्याच्या स्वस्तपणात नाही. या हालचाली त्यांनी विचारात घेतल्या, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

सॉकेटविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण ते शिकवणारे येथे बसले आहेत. गुडघ्याखालच्या सॉकेटमध्ये वाटीखालच्या कंडरेला भार सोसतो. नडगीच्या धारेला आणि बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या टोकाला, जिथून नस जाते, तो सोसत नाही. साचा घेणाऱ्या हाताला हे ठाऊक असले पाहिजे.

आता खर्चाकडे वळतो. बल मोजणाऱ्या पट्ट्या व अनेक कॅमेरे असलेली चालविश्लेषण प्रयोगशाळा आज आपल्या आवाक्यात नाही, आणि ती नाही म्हणून शिक्षण थांबवावे असेही नाही. तळमजल्यावरची मार्गिका, समांतर दांड्या, समोरून व बाजूने चित्रण करणारे दोन कॅमेरे आणि अनुभवी मार्गदर्शक, एवढी तरतूद मी मागितली आहे. विद्यार्थ्यांनी प्रथम धडधाकट माणसे पाहावीत: आमचे वॉर्डबॉय, परिचारिका, हवे तर मीसुद्धा. (माझा उजवा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे मी कोणत्या गटात बसतो हे त्यांनीच ठरवावे.)

बसवलेल्या पायांच्या संख्येशेजारी 'एक वर्षानंतर वापरात' असा दुसरा रकाना पुढील अहवालापासून छापावा, असा प्रस्तावही मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. तो आकडा पहिल्यापेक्षा लहान असणार. त्याबद्दल ज्या देणगीदारांना शंका वाटेल, त्यांना मी या मार्गिकेवरच भेटायला बोलावणार आहे. तेथे उद्या सकाळी नऊ वाजता पहिला तास सुरू होईल. विद्यार्थ्यांनी पावले दिसतील असा वेश करून यावे.