घरचं म्हणणं कागदावर यावं



अध्यक्षपदावरून मी आज एकच विषय मांडणार आहे. फौजेतून मनाचा आजार घेऊन घरी आलेल्या माणसाचं अपंगत्व कसं ठरतं, आणि ते ठरताना साक्री, पारोळा, चाळीसगावला ओपीडी चालवणाऱ्या आपल्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांचं काय काम आहे, हा तो विषय.

रीत थोडक्यात अशी. नोकरी पूर्ण करून निघणाऱ्याचं रिलीज मेडिकल बोर्ड होतं. आजारामुळे मध्येच काढावं लागलं तर इनव्हॅलिडिंग बोर्ड होतं, त्यालाच आपली फौजी मंडळी 'बोर्ड आऊट' म्हणतात. आजार कोणता, तो किती टक्के, आणि तो सेवेमुळे झाला किंवा बळावला का, हे बोर्ड ठरवतं. डिसॅबिलिटी पेन्शनसाठी साधारणपणे किमान 20 टक्के अपंगत्व लागतं, पण खरी अडवणूक तिसऱ्या प्रश्नावर होते. 'सेवेमुळे झालेला नाही, बळावलेलाही नाही' असा शेरा आला की फाईल तिथेच बसते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या शेऱ्याला 'नाना' म्हणतात. 'साहेब, आमचं नाना झालं,' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे.

गोळी लागलेल्या पायाचा एक्स-रे निघतो. मनाच्या आजारात पुरावा म्हणजे हकिगत. मग ती कोणाच्या तोंडची ऐकली जाते? फौजी मनोविकारतज्ज्ञ तपासतो, शिवाय युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडून एएफएमएसएफ-10 नावाचा अहवाल येतो. जवान कामात कसा आहे, सोबत्यांशी कसा वागतो, दारू पितो का, हे त्यातून कळतं. हा अहवाल आवश्यकच आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण सुटीवर आलेला तोच माणूस घरात कसा होता, हे सांगणारा तितक्या वजनाचा कागद बोर्डासमोर बहुतेक वेळा नसतो. तो कागद आपण लिहू शकतो आणि आपण तो लिहीत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे.

ओपीडीतला नेहमीचा प्रसंग घ्या. धुळ्याकडची एक बाई नवऱ्याला घेऊन येते. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, रेशनकार्ड, जुन्या चिठ्ठ्या. तो गप्प. ती अहिराणीत सांगते, 'त्या रातले झोपतस नही, उठीसन दार तपासतस.' आपण लिहितो: निद्रानाश, चिंता, गोळ्या चालू, पंधरा दिवसांनी दाखवा. बाहेर रांग लागलेली असते, हे मला ठाऊक आहे. पण हे दार तपासणं कधी सुरू झालं? कोणत्या पोस्टिंगनंतरच्या सुटीत? त्याआधी हा माणूस कसा होता? परत आल्यावर बँकेत गार्डची नोकरी लागली होती, ती का सुटली? नाइट ड्यूटीत एकट्याला बसवेना म्हणून सुटली असेल, तर ते वाक्य त्याच तारखेच्या चिठ्ठीवर हवं. दहा वर्षांनी वकिलाच्या सांगण्यावरून लिहिलेल्या दाखल्याला त्या दिवशीच्या दोन ओळींची सर येत नाही.

न्यायालयांनी आपला मार्ग बराच मोकळा केला आहे. 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असंच धरायचं. आजाराचा सेवेशी संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची आणि शंकेचा फायदा जवानाला. तो खटला फेफऱ्याचा होता. त्याच वर्षी वीरपाल सिंग यांच्या खटल्यात, सत्तरच्या दशकात स्किझोफ्रेनियाच्या निदानावर घरी पाठवलेल्या जवानाची नव्या बोर्डाकडून तपासणी करायला न्यायालयाने सांगितलं. 2025 च्या मे महिन्यात राजुमोन खटल्यात तर, बोर्डाने कारणंच दिली नसतील तर अशा मतावर पेन्शन नाकारता येणार नाही, असा निकाल आला.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2019 च्या नरसिंग यादव खटल्यात न्यायालयाने पेन्शन नाकारली. माणूस नीट वागत असताना भरतीच्या वेळी मानसिक आजार ओळखू येत नाही, असं तिथे म्हटलं आहे. वैद्यक म्हणून हे खोडता येत नाही. स्किझोफ्रेनिया पुष्कळदा विशीच्या आसपास उघड होतो, आणि भरतीचं वयही तेच. पण आजार मुळात कुठून आला हा एक प्रश्न, आणि जागरणं, एकटेपण, घरात अडचण असताना न मिळालेली रजा यांनी तो बळावला का, हा दुसरा. नियमांत 'बळावला' याला स्वतंत्र जागा आहे. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसरा न तपासताच सोडणं मला अन्यायाचं वाटतं. आणि बळावणं दाखवायचं तर आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस, दोन्ही पाहिलेला साक्षीदार लागतो. तो घरातच असतो.

अशी घरची साक्ष घेतली कशी जाते, ते अमेरिकेत पाहा. तिथे माजी सैनिकांच्या मानसिक आजाराचं मोजमाप शून्य, 10, 30, 50, 70 आणि 100 टक्के अशा पायऱ्यांवर होतं, आणि पत्नीचं किंवा सोबत्याचं लेखी निवेदन पुरावा म्हणून दाखल होतं. तिथेही दिरंगाई आणि तक्रारी आहेतच. पण घरच्यांचं म्हणणं फायलीत जातं, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आणि ती आपल्याला परकी नाही. मानसिक अपंगत्वाच्या नागरी प्रमाणपत्रासाठी आपण 2002 पासूनचं आयडियाज हे मापन वापरतो. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम, अशा चार बाबींना शून्य ते चार गुण देतो, त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतो. ते गुण घरच्यांना विचारल्याशिवाय देताच येत नाहीत. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय महाविद्यालय इथल्या तरुण डॉक्टरांच्या हाताला याची सवय आहे. या प्रमाणपत्राने फौजेची पेन्शन आपोआप मिळत नाही, हे कुटुंबाला स्पष्ट सांगा. पण अपिलात जोडायला तो तारखेचा, सहीशिक्क्याचा कागद असतो.

घरच्यांना का विचारायचं, याचं एक जवळचं उदाहरण. 29 सप्टेंबर 2016 रोजी धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचा आपला एक जवान नियंत्रण रेषेपलीकडे पकडला गेला. 21 जानेवारी 2017 ला तो परत आला. तो पकडला गेल्याच्या बातमीच्या धक्क्याने त्याची आजी गेली होती. त्या जवानाविषयी मी काहीच बोलणार नाही, तो त्याचा आणि त्याच्या घराचा विषय. पण सीमेवरचा घाव घरातल्या माणसाला कसा लागतो, हे धुळे जिल्ह्याने तेव्हा पाहिलं. ज्यांना तो लागतो, त्यांना विचारायला आपण विसरतो.

उशिराची किंमतही सांगतो. पेन्शन नाकारली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. 2008 च्या तरसेम सिंग निकालामुळे उशिरा आलेल्याला थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. आधीची वर्षं गेली ती गेली. शिवाय पात्र ठरलेल्याचं 20 टक्के अपंगत्व पुष्कळदा 50 टक्के धरलं जातं, म्हणजे फरक किरकोळ नाही. आजार लपवून ठेवणाऱ्या घराला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

म्हणून आजच्या दुपारच्या सत्रात एक पानी मराठी नमुना ठरवू. सेवेचा काळ आणि पोस्टिंग, लक्षणं पहिल्यांदा कोणाला आणि कोणत्या सुटीत दिसली, सुटलेल्या नोकऱ्या व त्यांची कारणं, आणि पत्नीचं किंवा आईचं म्हणणं तिच्याच शब्दांत, अहिराणीत असेल तर अहिराणीत. शेवटी डॉक्टरची सही, नोंदणी क्रमांक, तारीख. एक प्रत कुटुंबाकडे, एक आपल्या दप्तरात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांशी बोलण्याची जबाबदारी मी घेतो. मसुद्यासाठी धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतून दोन-दोन नावं हवी आहेत, ती जेवणाच्या सुटीआधी माझ्याकडे द्या.