ओझ्याच्या सायकलीची रिम

गोव्यात भल्या पहाटे रबरी भोंगा वाजवीत दारी येणाऱ्या पोदेराच्या सायकलीकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. स्वाराच्या पाठीशी पावांची भली थोरली टोपली आणि खाली पावसाने उखडलेला तांबडा रस्ता! अशा सायकलीचे चाक उतारावर एकाएकी बसले, तर दिवसाची कमाई जातेच. हातपाय शाबूत राहतील याचीही शाश्वती नसते. यास्तव ज्याचे शरीर वजनदार आहे, ज्यास ओझे वाहावयाचे आहे, अथवा ज्याची वाट खडतर आहे, त्याने रिमची निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

प्रथम चाक भार कसा पेलते ते पाहू. बैलगाडीचा लाकडी आरा खांबाप्रमाणे भार तोलून धरतो. सायकलीची बारीक तार दाबली तर वाकेल. ती उपयोगी पडते ती ताणलेली असल्यामुळे. चाक जमिनीस टेकते तेथील तारांचा ताण क्षणभर उतरतो आणि चाक फिरताच पूर्ववत होतो. तार मुळातच सैल असेल, तर ती प्रत्येक फेऱ्यात ढिली पडते, पुन्हा ओढली जाते आणि अखेर हबजवळच्या वळणापाशी तुटते. म्हणजे तार तुटते ती बहुधा ताणामुळे नव्हे, तर ढिलाईमुळे! सर्व तारांचा हा ताण न वाकता सोसणे, हेच रिमचे खरे काम होय.

तारांच्या संख्येलाही महत्त्व आहे. जुन्या विलायती धाटणीच्या सायकलींत पुढे ३२ व मागे ४० तारा असत. कारण भाराचा मोठा वाटा मागील चाकावर पडतो. आज दोन्ही चाकांत ३६ तारा सर्रास आढळतात. वजनदार स्वाराने मागे ३६ हून कमी तारा घेऊ नयेत. ४० मिळाल्यास उत्तम. मात्र रिमची भोके व हबची भोके संख्येने सारखीच हवीत.

आता धातूविषयी. पोलादी रिम स्वस्त असते आणि चेपली तरी ठोकून बऱ्याच अंशी सरळ करता येते. परंतु ती जड असते, गंजते, आणि ओल्या पोलादावर ब्रेकचे रबर घसरते. पावसाळ्यात हा दोष जिवावर बेतू शकतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम हलकी असून पावसातही तिच्यावर ब्रेक अधिक धरतो. ती दुहेरी भिंतीची, म्हणजे टायरखाली पोकळ कप्पा असलेली, निवडावी. पेटीसारख्या या घडणीमुळे तिला बळकटी येते. ब्रेकच्या घर्षणाने ही रिम झिजते. तिची बाजू बोटाला खोलगट लागू लागली, की ती विनाविलंब बदलावी. सळईच्या ब्रेकची सायकल असल्यास मात्र ब्रेक रिमला आतल्या अंगाने लागतो, म्हणून तिला त्याच घडणीची रिम घ्यावी लागते.

मापाच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. ‘२८ इंची’ या एकाच नावाने दोन मापे ओळखली जातात : जुन्या रोडस्टरचे ६३५ मिलिमीटरचे आणि नव्या सायकलींचे ६२२ मिलिमीटरचे. एकाचा टायर दुसऱ्यास चालत नाही. म्हणून टायरवर छापलेला आकडा वाचूनच दुकानात जावे. नवी सायकलच घ्यावयाची असेल, तर ५५९ मिलिमीटरचे २६ इंची चाक व रुंद टायर खडतर वाटेस अधिक योग्य. कारण इतर गोष्टी समान असता लहान चाक अधिक ताठ असते.

तथापि केवळ दाम मोजून बळकटी विकत मिळत नाही. नवे चाक काही दिवस वापरल्यावर कारागिराकडून तारा पुन्हा ताणून ‘आउट’ काढून घ्यावा. एका बाजूच्या तारा बोटाने छेडल्या असता आवाज साधारण सारखा यावा. एखादी तार बोदी वाजली, तर ती ढिली समजावी. टायरातील हवा कमी असेल, तर उत्तम रिमही खड्ड्याच्या काठावर चेपते. म्हणून हवा नियमित पाहावी, खड्डा आला की सीटवरून किंचित उठावे आणि ओझे घट्ट बांधावे. एवढी काळजी घेणाऱ्या कष्टकऱ्यास त्याचे चाक सहसा दगा देत नाही.