वाट पाहणाऱ्यांना पत्र

फायली साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सने २००८ साली एक चित्रफीत दाखवली आणि प्रतीक्षायादीतली ५,००० नावे एका रात्रीत ७५,००० झाली. माझ्या लेकीचे पाळणाघर शोधून देणारे ॲप अजून व्हायचे आहे. तिच्या यादीत ४० आईबाप.

'अब्बा, तोवर त्यांना ईमेलमध्ये काय लिहू?'

मला माझा पहिला कवितासंग्रह आठवला. प्रकाशनपूर्व सवलतीत ६० जणांनी पैसे भरले. छपाई वर्षभर रखडली. मी लाजेने गप्प राहिलो. दुसऱ्या संग्रहाला त्यांतले कुणीच आले नाही.

म्हटले, 'बेटा, दर पंधरवड्याला लिही. काय झाले, काय अडले, खरे सांग. एक प्रश्नही विचार: मूल किती वाजेपर्यंत ठेवावे लागते?'

परवा तिने उशीर कळवला. ११ उत्तरे आली. यादीतून नाव कुणीच काढले नाही.