एक कागद कमी आसा



हातावर पोट असलेली कुटुंबे आणि नव्याने आईबाप झालेली जोडपी यांच्यासाठी राबणाऱ्यांची ही परिषद मालवणात भरते आहे. स्वागत समितीच्या आणि समस्त मालवणकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. शिवरायांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले, ते बेट समोरच आहे. जरूर पाहा. जाता-येता बंदरावर मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बायांशीही दोन शब्द बोला. आपल्या परिषदेचा विषय त्यांच्या घरात आहे.

या मातीला सेवेची सवय आहे. कणकवलीजवळ वागद्याला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम उभारला आणि सफाईचे काम स्वतःच्या हातांनी केले. बॅ. नाथ पैंच्या नावाचे सेवांगण याच मालवणात आहे. झारापचे भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान बायोगॅस आणि बचत गटांच्या वाटेने घराघरांत शिरले.

तरीही चित्र सोपे नाही. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे १९ हजारांनी कमी. दर हजार पुरुषांमागे बाया १,०३६. या आकड्यावर आम्ही खूश होत नाही, कारण पोटासाठी मुंबई-गोवा गाठणाऱ्या पुरुषांचा हिशेब त्यात आहे. मागे राहते विशीतली सून, तान्हे मूल आणि गुडघे धरलेली सासू. नवरा गावातच खलाशी असला तरी जून-जुलैच्या मासेमारीबंदीत हाती पैसा नसतो, आणि मुले आजारी पडतात तीही नेमकी त्याच पावसात.

मदत नाही असे नाही. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार आहेत. पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरात १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला ‘लेक लाडकी’तून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळायचे आहेत. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा जायचे असते.

अडते ते पुढे. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद तिकडची, रेशनकार्ड सासरचे, आधारवर लग्नाआधीचे नाव. खिडकीवर उत्तर मिळते, “एक कागद कमी आसा, उद्या येवा.” उद्या म्हणजे पुन्हा एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. दोन खेपा झाल्या की ती येणे सोडते, आणि कार्यालयाच्या लेखी तिने अर्जच केलेला नसतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की नवी योजना मागण्याआधी असलेली योजना घरात पोचवणाऱ्या माणसाला बळ द्या. एकात्मिक बालविकास सेवा २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडी सेविकेला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २०२२ साल उजाडले. आज तिचा वेळ मोबाइलवर माहिती भरण्यात जातो आणि घरभेट राहून जाते. तो भार ग्रामपंचायतीने, बचत गटांनी, कॉलेजातल्या मुलांनी थोडा उचलावा.

आणखी दोन गोष्टी सुचवतो. नवा बाप चतुर्थीला गावी येतोच. तेव्हा वाडीवर शिबिर लावा, कागदही पुरे होतील आणि बाळाच्या वजनाचा तक्ता त्याच्याही नजरेखालून जाईल. दुसरे, देवगडकडच्या आंब्याच्या बागांत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबे आहेत. त्यांचे मूल कुठल्या गावचे, हे विचारत न बसता त्याला अंगणवाडीत बसवा.

जेवणात बांगडा आहे, शाकाहारींसाठी काळ्या वाटाण्यांची उसळ, सोलकढी सर्वांना. व्यवस्थेत काही उणे राहिले तर हक्काने सांगा.

ठराव पुष्कळ होतील. त्यात एक माझा धरा: प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक दिवस सर्व खात्यांची माणसे एकाच ठिकाणी बसतील आणि आलेली आई काम झाल्याशिवाय परत जाणार नाही. सुरुवात मालवणपासून करू. जागा आणि चहापाणी स्वागत समितीकडे. अधिकाऱ्यांना आणण्याचे काम परिषदेने घ्यावे.