उपाशी प्रवासी

मंडळी, खाडीतल्या खडकावर, होडीच्या बुडाला चिकटलेले ते जांभळट रेघांचे खरखरीत पांढुरके खडे तुम्ही पाहिले असतील. पाय कापला असेल तर नक्कीच! हा बार्नॅकल. कवचामुळे शिंपल्यांच्या गोतातला वाटतो, पण नाते कोळंबी-खेकड्याशी. या पट्टेवाल्या जातीचे वर्णन १८५४ साली डार्विनने केले.

पिल्लू मोकळे पोहते. मग मात्र खाणे बंद, आणि उपाशीपोटी जागेचा शोध! डोके टेकून एकदा चिकटले की जन्मभर तिथेच. भरतीचे पाणी पोचत नाही अशी जागा निवडली, तर मरणच. म्हणून जातभाई नांदत असतील तिथेच ते बहुधा बसते.

गुरुजी, असा खडा समुद्राच्याच पाण्यात ठेवून मुलांना दाखवा. जिवंत असेल तर जरा वेळाने दार उघडते, अन् पिसासारखे पाय अन्न आत ओढू लागतात.