पूर्व आशियाचा इतिहास शिकविताना



महाविद्यालयात चीन-जपानचा इतिहास शिकविणाऱ्या आम्हां अध्यापकांना एक प्रश्न नेहमी ऐकावा लागतो : त्या दूरच्या देशांशी आपला संबंध काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती केवळ सनावळी उरते.

रूढ पाठ्यपुस्तके बहुधा १८३९ च्या अफूच्या युद्धापासून, किंवा १८५३ साली जपानच्या किनाऱ्यास लागलेल्या पेरीच्या आरमारापासून आरंभ करतात. जणू पश्चिमेने दार ठोठावीपर्यंत या देशांना इतिहासच नव्हता! शिवाय चीनला बुडविणारी ती अफू बंगाल-माळव्यात पिकून कलकत्ता-मुंबईहून जहाजांत चढत असे, हे क्वचितच सांगितले जाते.

आम्ही आरंभ सातव्या शतकापासून करतो. बादामीच्या चालुक्यांपैकी दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू आला. या देशाला त्याने ‘महाराष्ट्र’ म्हटले आणि येथील लोक मानी, उपकार स्मरणारे व अपमान न विसरणारे आहेत, अशी नोंद केली. राजधानी कर्नाटकातली, वर्णन महाराष्ट्राचे, लेखणी चीनची! बंगळूरच्या मराठी माणसाला याहून जवळचा धडा कोणता?

जपानसाठी तर गावाची वेसही ओलांडावी लागत नाही. जमशेटजी टाटांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेरीस जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने येथे रेशीमशेती उभारली. ‘टाटा सिल्क फार्म’ हे वस्तीचे नाव तिची आठवण देते. पुण्यात शिकलेले विश्वेश्वरय्या १८९८ साली जपान पाहून आले. पुढे म्हैसूरचे दिवाण असताना शिक्षण व उद्योग यांविषयी त्यांनी जो आग्रह धरला, त्याला या दर्शनाचे बळ होते.

चीनचे नाव निघताच वर्गाला १९६२ आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे. तथापि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले व रुग्णसेवा करता करता १९४२ साली तेथेच निवर्तले, हेही त्याच वर्गात सांगावे लागते. एका सत्याने दुसरे पुसले जात नाही. शेजाऱ्याविषयी नुसता द्वेष वा नुसती भक्ती शिकविणारा इतिहास नागरिकाला आंधळा ठेवतो.

‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार गो. पु. देशपांडे यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात दीर्घकाळ चीनविषयक अध्यापन केले. मराठी मनाला हा विषय परका नाही. आपल्या घरातील एखाद्या मुलामुलीने तो निवडला, चिनी वा जपानी भाषा शिकण्याचा हट्ट धरला, तर त्यांना मागे ओढू नये, एवढीच आमची विनंती आहे.