आफ्रिकेतील एड्सची साथ आणि शाळेची फी



आफ्रिकेतील एड्सच्या साथीचे खापर लोकांच्या अज्ञानावर फोडण्याची प्रथा जुनी आहे. साथीचा इतिहास मात्र वेगळीच साक्ष देतो. १९८० च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत झांबिया, टांझानिया आदी देशांतील अनेक पाहण्यांत अधिक शिकलेल्यांतच एचआयव्हीचे प्रमाण जास्त आढळले होते. पगार, प्रवास आणि शहरी वास्तव्य त्यांच्याच वाट्याला आले होते. पुढे रोगाची माहिती व प्रतिबंधाची साधने उपलब्ध झाली, तेव्हा त्यांचा लाभही प्रथम याच थराला झाला. १९९६ नंतरच्या पाहण्यांत रोगाचा भार कमी शिकलेल्यांकडे सरकलेला दिसतो.

शिक्षणाने खरोखरच संरक्षण मिळते काय? बोट्स्वानाने १९९६ साली दहावीचे वर्ष कनिष्ठ माध्यमिक शिक्षणात समाविष्ट केले आणि त्यानंतरची मुले अधिक काळ शाळेत टिकली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की जेथे शंभरांपैकी सुमारे २५ जणांना संसर्ग झाला असता, तेथे माध्यमिक शिक्षणाच्या एका वाढीव वर्षामुळे सुमारे ८ जण वाचले. स्त्रियांच्या बाबतीत हा लाभ आणखी मोठा होता.

मलावीतील झोम्बा जिल्ह्याचा अनुभवही बोलका आहे. तेथे शाळेत जाणाऱ्या मुलींना व त्यांच्या पालकांना दरमहा थोडी रोख रक्कम देण्यात आली. दीड वर्षानंतर या मुलींत एचआयव्हीचे प्रमाण १.२ टक्के, तर रक्कम न मिळालेल्या मुलींत ३ टक्के आढळले. वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषांशी येणारा संबंधही कमी झाला होता. दारिद्र्यामुळे जे अवलंबित्व मुलीवर लादले जाते, तेच रोगाला वाट करून देते. नुसत्या उपदेशाने ती वाट बंद होत नाही.

म्हणूनच फीचा प्रश्न हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. १९८० च्या दशकात जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या कर्जांच्या अटींखाली अनेक आफ्रिकी सरकारांनी सार्वजनिक खर्चाला कात्री लावली, आणि शिक्षणाचा बोजा पालकांवर पडला. मलावीने १९९४ साली, युगांडाने १९९७ साली व केनियाने २००३ साली प्राथमिक शाळांतील फी रद्द केली, तेव्हा वर्ग मुलांनी ओसंडून गेले. परंतु मुलींची गळती होते ती माध्यमिक शाळेच्या दारात. आणि ज्या बोट्स्वानाने एका वर्षाचे मोल सिद्ध केले, त्याच देशाने २००६ साली माध्यमिक शिक्षणावर पुन्हा फी बसवली.

औषधांसाठी निधी मागणाऱ्यांनी शाळेसाठीही तितक्याच आग्रहाने निधी मागितला पाहिजे. गरिबाच्या मुलीला वर्गात ठेवणारा पैसा हा आरोग्यावरीलच खर्च होय.